पदराची गाठ
नव्या साडीच्या खळीचा वास आला की अजून माझं डोकं उठतं. नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत, गोडादऱ्याला राहायचो आणि आई एका शेठच्या गाळ्यात साड्यांच्या घड्या घालायची. वर तापलेला पत्रा, कापड उडतं म्हणून पंखा बंद, आणि तो वास. धागे तुटलेली साडी आली की तुटका भाग घडीच्या आत लपवायचा, असा शेठचा हुकूम. एक दिवस आई अडून बसली, “शेठ, ऐसी साडी दिखा के सस्ते में बेचो.” शेठ हसला, “बराबर छे, मासी! तुम उस पर निशानी करो, मैं अलग बेचेगा.” आई हरखली. अशा प्रत्येक साडीच्या पदराला ती लाल दोऱ्याची गाठ मारू लागली. माणूस ऐकणारा आहे, असं घरी कौतुकानं सांगायची. त्याच उन्हाळ्यात आम्ही खान्देशात मावसबहिणीच्या लग्नाला गेलो. तालुक्याच्या बाजारातून आणलेल्या नवरीच्या साडीची घडी मोडली, तर मधोमध विरलेला पट्टा. “पुरा पैसा दिन्हात व बाई!” मावशी रडकुंडीला आली. आईनं पदर चाचपला. लोंबती टोकं कुणीतरी कापली होती, तिची लाल गाठ तेवढी राहिली होती. परतल्यावर तिनं शेठला जाब विचारला. तो म्हणाला, “अलग ही तो बेची, मासी! इतने दूर से ग्राहक वापस थोडी आता है!” हल्ली दुकानादुकानांत पाटी दिसते, ‘आपल्या सूचनांचं स्वागत आहे’. ती वाचली की मला आईची गाठ आठवते, आणि मी तोंड मिटून बाहेर पडते.