एल्बिओची मान

राजधानीच्या सान तेल्मो भागातल्या आमच्या टँगोघरात एल्बिओ वीस-एक वर्षं जेवण वाढतोय आणि त्याला टँगोचं एक पाऊल येत नाही. स्वतःच्या लग्नात बायकोने ओढलं तेव्हा गुडघा दुखतो म्हणाला होता. तोच गुडघा आजवर त्याच्या कामी येतो. मी वर दिव्यांच्या खोलीत बसतो. कार्यक्रम सुरू झाला की खाली अंधार करणं माझं काम, आणि त्या अंधारात कोणाच्या कोपराला न लागता गरम ताटं फिरवणं त्याचं. वरून मला फक्त त्याचा पांढरा कोट तरंगताना दिसतो.

त्याची एक सवय आहे. गिऱ्हाइकाने दुरून पाहिलं की मान हलवायची. म्हणजे, कळलं, आलोच.

परवा ओलावारिया गावाहून पेन्शनरांची बस आली. त्यात नेलिदाबाई होत्या. नवरा गेल्यापासून नाचल्या नव्हत्या, पण पिशवीत नाचाचे बूट आणले होते. राजधानीत नाचाला बोलवायची जुनी रीत अजून आहे, कोणीतरी दुरून नजर देईल, मान हलवेल, मगच मी उठेन, असं त्यांनी बसमध्ये जाहीर केलं होतं. मैत्रिणींनी वाटभर चिडवलं. त्यातल्या दोराबाई म्हणाल्या, "अगं, तिथे लोक जेवायला येतात. तुला उठवेल तो फक्त ड्रायव्हर, निघायच्या वेळी."

मध्यंतरात वादक पाहुण्यांसाठी वाजवतात. जोडपी नाचायला उठली. नेलिदाबाई बूट चढवून ताठ बसल्या आणि एकेका पुरुषाकडे बघू लागल्या. पुरुष आपापल्या ताटात बघत होते. शेवटी त्यांची नजर खांबाजवळ उभ्या एल्बिओवर पडली आणि तिथेच थांबली. त्याला वाटलं, बाईंना पुडिंग लवकर हवंय. त्याने मान हलवली.

बाईंनीही हलवली. पर्स खुर्चीवर ठेवून त्या उठल्या.

एल्बिओ पुडिंग घेऊन पोचला तेव्हा त्यांचा हात पुढे आलेला होता आणि सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. मान हलवून मागे फिरणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे कोणी माफ करत नाही, आणि त्या बाईला तर तोंड लपवायला जागा उरत नाही.

"चूक झाली बाई," तो पुटपुटला. "मला नाचता येत नाही."

नेलिदाबाईंचा चेहरा उतरला. पण मैत्रिणींकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "मघाशी अंधारात चालत होतात ना? तसंच चाला. बाकीचं मी बघते."

"तेव्हा हातात ट्रे होता."

"आता मी आहे."

त्याने पुडिंग टेबलावर ठेवलं आणि खरंच त्यांना ट्रेसारखं धरलं, पाठीला सपाट तळवा लावून. कडेकडेने चालत राहिला. वळणं सगळी बाईंची. मी त्याच्या पायांवरचा झोत काढून बाईंच्या बुटांवर टाकला. मालकीणबाईंनी खालून फोन करून विचारलं, तो आपला एल्बिओ नाचतोय की काय? मी म्हटलं, नाही, वाढतोय.

गाणं संपल्यावर त्याने बाईंना रीतीप्रमाणे खुर्चीपर्यंत सोडलं. त्या बसल्या, चमचा उचलला आणि निवांत पुडिंग खाऊ लागल्या. बाकीच्या साऱ्याजणी मात्र चमचे खाली ठेवून एल्बिओकडे टक लावून बसल्या.

त्या रात्री त्याने पुन्हा मान वर केली नाही. दोराबाईंनी कॉफीवर कॉफी मागवली. प्रत्येक वेळी त्याने कपाकडे बघतच ती ठेवली आणि गुडघा धरून लंगडत परत गेला.