रिकामं केलेलं मशीन

कोकणात ठिकठिकाणी कॉलेजं असलेल्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या सर्व्हर-खोलीत तीन मोठी मशीनं होती. तिन्हींची ताकद एकत्र करून त्यावर प्रवेश, फी, ग्रंथालय, हजेरी असे वेगवेगळे आभासी सर्व्हर, म्हणजे मशीनच्या पोटातली सॉफ्टवेअरची मशीनं, मी चालवत असे. एक मशीन बंद पडलं तर उरलेल्या दोन्हींनी भार पेलावा, एवढी जागा कायम मोकळी ठेवायची, हा माझा नियम. आणि चालू सर्व्हर एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवताना दापोलीच्या कॉलेजात फी भरणाऱ्यालाही कळू नये, हा माझा अभिमान.

एका सोमवारी आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, तिसरं मशीन रिकामं करा. पंख्यात माती बसलीय, साफ करून घेऊ."

पटण्यासारखं होतं. आमची तांबडी धूळ कुठेही शिरते. माझ्या हाताखालचा सहकारी पावस गावाहून येतो. त्याच्या आईची घावनं आणि माझी उसळ, असा आमचा रोजचा डबा. त्यानंच ब्लोअर आणि मऊ फडकं आणून टेबलावर ठेवलं. मी क्रम ठरवला, एकेक सर्व्हर हलवला. दुपारपर्यंत मशीन रिकामं. तक्रारीचा एकही फोन आला नाही.

जेवून हात धुऊन आले, तर दोन माणसं मशीन खोक्यात भरत होती.

"साफसफाई बाहेर करायची?"

"पुण्याला," टेप लावत सहकारी म्हणाला. वर पाहिलं नाही.

टेम्पोवाल्यानं दोरी आवळली. "बाय, काळजी नको. हातखंब्याला हायवे लागेपर्यंत हळूच नेतो. उरलेली दोन पुढच्या खेपेस ना?"

मी सहकाऱ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"ताई, सगळं पुण्यालाच नेतायत. कधीचंच ठरलंय. सर म्हणाले, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रिकामं करणार नाही."

"नसतंच केलं. आणि तो ब्लोअर?"

त्यानं टेबलावरचा ब्लोअर उचलून खणात ठेवला.

सरांनी समजूत काढली. "नोकरी आहेच की, मॅडम. फोन घ्यायला माणूस लागेलच."

पुढच्या खेपेआधी उरलेली दोन मशीनं रिकामी करायला सगळे सर्व्हर इंटरनेटच्या लाइनवरून थेट पुण्याला गेलेल्या मशीनवर हलवायचे होते. मी नाही म्हटलं.

"राहू द्या ताई, मी करतो," तो म्हणाला.

मी फोनजवळ हाताची घडी घालून बसले. कुठल्या तरी कॉलेजातून कुणीतरी ओरडावं, एवढीच इच्छा होती. संध्याकाळ झाली, फोन वाजला नाही. त्यानं सगळं अगदी मी शिकवलं तसंच केलं होतं.