आमचा पैलवान रुमालाखाली गेला

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अकोल्यात कुणाचं नुकसान झालं असेल, तर ते आमचं. म्हणजे जुन्या शहरातल्या मोर्णाकाठच्या आखाड्यावर जीव टाकणाऱ्यांचं. बाकी सगळ्यांची चैन होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि इकडे वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आमच्या आखाड्याला मात्र शेट आले.

शेट म्हणजे कापसाचे दलाल. आखाड्याची जागा त्यांच्या वडिलांची. वडील कुस्तीचे वेडे होते, त्यांनी ती पैलवानांना वापरायला दिली होती. ते गेले आणि जागेबरोबर आखाड्याचा कारभारही या चिरंजीवांकडे आला. त्यांना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कापसात हात घातला तिथे यश आल्यामुळे, कशातही हात घातला तरी तेच होतं असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

मी स्वतः पैलवान नव्हे. आमच्या घराण्यात नांगर सोडून कुणी काही धरलं नव्हतं. इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिला, आणि पुढे मुंबईस जाऊन बी.ए. झालो तोही मीच. कुणी विचारो न विचारो, हे मी सांगतोच. पण अंगकाठी अशी, की वैशाखातल्या वावटळीत घराबाहेर पडायची चोरी. माझ्यासारख्यानं आखाड्याच्या कडेला उभं राहून ओरडायचं असतं. ते काम मी बी.ए.च्या अभ्यासापेक्षा जास्त मन लावून केलं आहे. शेजारी माझे मामा असत. त्यांचा आवाज नदीपलीकडे जाई आणि पलीकडचे लोक त्याबद्दल तक्रार करीत.

शेटनी पहिल्याच महिन्यात खुराकाला हात घातला. बदाम बंद, सरकी सुरू.

"बैलाले चालते, गायीले चालते, मग याईलेच काहून चालत नाही?" असा त्यांचा सवाल.

आमचे वस्ताद मुसलमान गृहस्थ, बोलणं तोडून. ते म्हणाले, "शेटजी, सरकी खाके बैल दूध देता क्या? और ये दूध दिये तो करना क्या?"

शेटना ते पटलं नाही. त्यांचं पुढचं पाऊल म्हणजे पैलवान पडला तरी त्याला लागू नये म्हणून आखाड्याच्या लाल मातीत त्यांनी कवडी मिसळली. कवडी म्हणजे किडका, डागी कापूस, जो कुणी घेत नाही. त्या दिवसापासून आमच्या आखाड्यात शड्डूंपेक्षा शिंकांचा आवाज जास्त. दोन गडी एकमेकांना भिडायचे, आणि डाव टाकायच्या ऐन वेळी दोघंही शिंकायचे. अंगाला तेल लावलेलं, त्यावर कापूस चिकटलेला. कुस्ती संपली की गादी पिंजल्यासारखे दिसायचे.

त्या साली आम्ही बाळापुरात हरलो, अकोटात हरलो, कारंजात तर जिंकता जिंकता हरलो. आमच्या गड्यानं समोरच्याला उचललं आणि वरच्यावर त्याला शिंक आली.

शेवटी चाहत्यांनी शिष्टमंडळ नेलं. बोलायचं काम माझ्यावर, कारण मी शिकणारा. मी आदल्या दिवशी नदीकाठी भाषण पाठ केलं होतं. शेट पेढीवर लोडाला टेकून बसले होते. मी सुरुवात केली, "महाराज, संस्थेची प्रकृती दिवसेंदिवस क्षीण होत असून…"

"कोनाची प्रकृती?" शेट दचकून म्हणाले. "कोन आजारी हाय?"

मामांनी मला कोपरानं बाजूला सारलं. "कोनी आजारी नाही शेटजी. आपला आखाडा मरून राहिला. पोरं शिंकून राहिले आन् तुमी सरकी चारून राहिले. कुस्ती कवा मारायची आमी?"

शेट रागावले. आणि रागाच्या भरात, पेढीवर बसलेल्या दहा जणांसमोर, बोलून गेले, "ठीक हाय. येत्या नागपंचमीले अमरावतीवाल्याईसंग मोठी कुस्ती. ती आपल्या आखाड्याच्या गड्यानं मारली तं आखाडा राहीन. नाही मारली तं त्या जागेवर कापसाच्या गंज्या लागतीन. मले तशीही जागा कमी पडून राहिली."

आम्ही बाहेर आलो. मामा म्हणाले, "भाच्या, तुह्या त्या क्षीण प्रकृतीनं घात केला." मला ते आजही अन्यायाचं वाटतं.

घाबरायचं तसं कारण नव्हतं, कारण आमच्याकडे आमचा पैलवान होता. बाकीचे हरले तरी हा एकटा सरकी न खाता, घरून भाकरी आणून टिकून होता. उंचीला बेताचा, पण पायाखाली जमीन धरून ठेवायचा. धोबीपछाड हा त्याचा हातखंडा डाव. माणूस त्याच्या खांद्यावरून असा जाई, की पडल्यावर आधी आभाळ ओळखायला त्याला वेळ लागे. अमरावतीकडे एक लंबाचौडा गडी होता. त्याला आमच्या गड्यानं लोळवावं आणि जागा वाचवावी, एवढंच मागणं होतं. शेटनी काही न करता नुसतं बसून राहावं. पण बसून राहणं ही गोष्ट कापसाच्या दलालाला येत नाही.

ते अमरावतीला गेले. तिथल्या आखाड्याचा कारभारही एका दलाल शेटकडेच होता. दोघांची गाठ कापसाच्या बाजारात पडली. आता त्या बाजाराची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा ठरवतात. बघणाऱ्यांना काही कळत नाही. आमच्या शेटनी रुमाल टाकला आणि म्हणाले, "पैलवानाचं बोला." ते शेट म्हणाले, "बोला." बोटं दाबली गेली, माना हलल्या, सौदा पक्का. दोघंही खूश.

दोन दिवसांनी सकाळी आखाड्यापुढे एक दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, थांबली. आत अमरावतीच्या शेटचा माणूस. तो आमच्या पैलवानाला म्हणाला, "चला पैलवान, बसा. तुमच्या शेटनं तुमाले आमच्या शेटले देल्लं."

आमचा पैलवान साधा माणूस. त्याला वाटलं, शेटची आज्ञा. त्यानं लंगोट आणि तांब्या घेतला, मातीला हात लावून कपाळाला लावला, शिंकला, आणि दमणीत बसला. मामा दमणीच्या मागे वेशीपर्यंत ओरडत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी दमणी आली. तिच्यातून अमरावतीचा लंबाचौडा गडी उतरला.

दोन्ही गाड्या मूर्तिजापूरला विहिरीपाशी भेटल्या होत्या म्हणे. दोघं पैलवान एकत्र भाकर खायला बसले. "तुमी कोठी चालले?" "अमरावतीले. अन् तुमी?" "अकोल्याले." दोघांनी बराच वेळ विचार केला, पण तो कुणाच्याच फारसा कामाला आला नाही, मग आपापल्या गाडीत बसून दोघं पुढे गेले.

काय झालं ते आम्ही चाहत्यांनी तासाभरात ताडलं. बोटं भाव सांगतात. माल कुणाचा आणि घेणारा कोण, हे बोटांना सांगता येत नाही. आमच्या शेटना वाटलं, आपण त्यांचा पैलवान घेतला, म्हणजे कुस्ती आपलीच. त्यांच्या शेटना वाटलं, आपण अकोल्याचा घेतला. भाव दोन्हीकडे सारखाच, म्हणून हिशेबातही काही टोचेना. पण शेटना विचारलं, तर ते पान जमवत म्हणाले, "चूक? माही? बदली केली मी. मुद्दाम." तिकडचे शेटही म्हणे तिकडे हेच सांगत होते. दलालाची बोटं चुकली असं एकदा बाजारात झालं, की त्याच्या रुमालाखाली पुन्हा कोण हात घालणार?

आता आमच्यावर आलेला प्रसंग बघा. जागा वाचवायची तर ज्याला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्या अमरावतीच्या गड्याला जिंकवायचं होतं, आणि ज्याला खांद्यावर नाचवलं त्याला पाडायचं होतं. नवा गडी स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याचं प्रत्येक वाक्य "आमच्या अमरावतीत" नं सुरू होई. आमच्या अमरावतीत दूध घट्ट असते. आमच्या अमरावतीत माती गार राहते. एकदा म्हणाला, आमच्या अमरावतीत चंद्र मोठा दिसते. मामा उठून निघून गेले.

मी मामांना समजावलं, "आपल्याले आखाड्यापुरतं पाहायचं हाय, मामा. वरडा त्याच्या नावानं. सराव करा."

मामांनी प्रयत्न केला. पण "शाब्बास" हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. "शा" पर्यंत यायचे आणि पुढे खोकला लागायचा. नागपंचमीपर्यंत त्यांची मजल "शाब" पर्यंत गेली.

नागपंचमीला पावसानं उघडीप दिली होती. दंगल आमच्याच आखाड्यात, सगळं जुनं शहर लोटलेलं. आदल्या दिवशी वस्तादांनी मातीतला कापूस हातानं वेचून काढला होता, शेटना न विचारता. अमरावतीचे शेट आले, सोबत आमचा पैलवान, पिवळा फेटा बांधलेला. आमच्या बाजूला त्यांचा गडी, लाल फेटा बांधलेला. डफडं सुरू झालं. आमचा वाजवणारा सवयीनं आमच्याच जुन्या पैलवानाच्या नावाची चाल वाजवू लागला. त्याला कुणीतरी टपली मारली.

खडाखडी झाली, दोघं भिडले. पण काय सांगू, मधे दम घ्यायला सोडलं तेव्हा आमचा जुना पैलवान चालत चालत आमच्याकडे आला, वस्तादांच्या हातचं पाणी प्याला आणि "माती गार केली का वस्ताद, बरं वाटून राहिलं" असं म्हणाला. तिकडे लाल फेटेवाला अमरावतीच्या माणसांत जाऊन बसला होता. दोघांनाही हाताला धरून परत आपापल्या बाजूला आणावं लागलं.

"वरड ना बे!" मामा मला म्हणाले. "जागा चालली!"

"शाबास, लाल!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच परका वाटला. मामा म्हणाले, "शाब…"

आणि तेवढ्यात आमच्या जुन्या पैलवानानं खांदा खाली घातला. मला तो खांदा ओळखीचा होता. लंबाचौडा गडी वर गेला, उलटा झाला, आणि मातीत आडवा. पाठ टेकली. चीत.

रीतसर बघाल तर अमरावती जिंकली होती. आमची जागा गेली होती. मी माझ्या पायाखालच्या मातीकडे बघत होतो, आणि मला वर आरडाओरडा ऐकू आला.

ते शेट होते. आमचे शेट. मातीत उतरले होते, पगडी कुठे पडली होती, उपरण्यानं पैलवानाचं अंग पुसत होते, आणि ओरडत होते, "मारली! आपण मारली! पाहा बे, आपल्या आखाड्याच्या गड्यानं मारली!"

अमरावतीचे शेट पुढे आले. "शेटजी, उगीच काय नाचून राहिले? तो आमचा हाय. सौदा झाला. तुमीच सांगतलं होतं ना, मुद्दाम केला म्हणून?"

शेट थांबले. मुद्दाम म्हणावं तर कुस्ती अमरावतीची आणि दिलेल्या शब्दानं आखाडा बंद. चूक म्हणावं तर बाजारात नाक जातं. ते खाली वाकून पगडी शोधू लागले.

तेव्हा मी बोललो. पाठ न करता. "शेटजी, एकच इचारतो. रुमालाखाली तुमी दोघंही पैलवान घ्यायलेच बसले होते. दोघंही घेणारे. मग देणारा कोन?"

दोन्ही शेट आपापल्या बोटांकडे बघू लागले.

"देणाराच नाही, तं सौदा कसा? दोन्ही गडी जिथचे तिथचे. फक्त तुमी दोघांनी एकदा म्हणा, की बोटं चुकली."

मामांनी माझ्या पाठीत असा धपका मारला, की मी आखाड्यातच पडलो. वर बघतो तर दोन्ही शेट एकमेकांकडे बघताहेत. आधी तू, आधी तू, असं डोळ्यांनी चाललेलं. अमरावतीचा लंबाचौडा गडी मातीतून उठला आणि म्हणाला, "म्हणून टाका ना शेटजी. मले घरी जाऊ द्या."

आमच्या शेटनी एकदा पैलवानाकडे बघितलं, एकदा त्या मातीकडे, आणि छाती फुगवून, जणू मोठा पराक्रम सांगावा तसं, ओरडले, "चुकलो! माही बोटं चुकली! सगळ्या बाजारात सांगा!"

"माहीबी," अमरावतीचे शेट पुटपुटले. लोकांनी त्यांना ते तीनदा मोठ्यानं म्हणायला लावलं.

जागा राहिली. पेढीवर बोललेला शब्द शेटनी पाळला, आणि माझ्या मते बोटं चुकल्याचं कबूल केल्यानं त्यांच्या धंद्यालाही काही झालं नाही. त्या सालात कापूस विकणाऱ्याला कुणी काही विचारतच नव्हतं. पण ते सुधारले असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर स्वतः कुदळ घेऊन आखाडा खणायला उभे. काल मातीत उतरल्यापासून आपल्याला कुस्ती समजायला लागली, असं त्यांनी सांगितलं. यापुढे डाव कुठला टाकायचा हे कुस्तीच्या मधे आपण काठावरून खुणेनं सांगणार, असंही सांगितलं.

मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "बोटानं सांगतीन काय आता?"

आणि आम्ही दोघं आखाड्याच्या कडेला, आमच्या नेहमीच्या जागी उभे राहून, शेटच्या नावानं ओरडायला लागलो.