कुमुदवन्सं आणि पिझ्झाचे शनिवार

फोन आला तेव्हा मी भोपाळजवळच्या मंडीदीपला, कारखान्यांच्या रस्त्यावरच्या एका नव्या पिझ्झाच्या दुकानात एकटीच बसले होते. दुपारचा दीड वाजला असेल. आजूबाजूला पाळी सुटून आलेली चार-पाच तरुण मुलं, आणि त्यांच्यात मी, सदुसष्ट वर्षांची बाई, मांडीवर पर्स घेऊन. पिझ्झा नुकताच समोर आणून ठेवला होता. फोनवर हे होते. म्हणाले, ताई गेली, दहा मिनिटं झाली. मी 'बरं' म्हटलं. नुसतं बरं. त्यानंतर खरं तर उठून धावत सुटायला हवं होतं, पण मी आधी पिझ्झाची कड सुरीनं उचलली आणि खालून पाहिलं. कारण मला त्याच कामासाठी पाठवलं होतं.

सकाळी हॉस्पिटलमध्ये कुमुदवन्संनी नाकावरची नळी बाजूला करून मला जवळ बोलावलं होतं. तीन आठवडे झाले होते त्यांना तिथं. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, मीठ बंद, तेल-तूप बंद. मला वाटलं, पाणी मागतायत. तर म्हणाल्या, "मंडीदीपला लाकडाच्या भट्टीवर पिझ्झा सुरू झालाय म्हणे. तू जाऊन ये. खालून कसा भाजलाय ते बघ, आणि मला सांग." तेरा वर्षांनी त्या आपणहून मला पिझ्झाबद्दल काही म्हणत होत्या. मी एका पायावर निघाले, मिळेल ती बस धरून गेले... आणि तेवढ्यात हे झालं. परतताना बसमध्ये मला बसवेना. सीट रिकामी असून मी दांड्याला धरून उभी राहिले. हॉस्पिटलमध्ये त्यांना अजून हलवलं नव्हतं. हे दाराशी कागदांवर सह्या करत होते. मी वाकून वन्संच्या कानाशी सांगितलं की कडेला छान भाजलाय, पण मधे कच्चा आहे. सांगितल्यावर लक्षात आलं, नर्स माझ्याकडे बघत होती.

कुमुदवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मूळ घर इंदूरचं, त्यामुळे खाण्याच्या बाबतीत जिभेला आधीच वळण लागलेलं. वडील लवकर गेले, आणि भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात वन्संना विसाव्या वर्षी ट्रेसरची नोकरी लागली. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेली यंत्रांची चित्रं पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायची, रेघ केसाइतकीही हलता कामा नये. टाउनशिपमधलं क्वार्टर त्यांच्या नावावर होतं. त्यातच त्यांनी आईला आणि धाकट्या भावाला आणलं, भावाला शिकवलं, आणि मी नागपूरहून लग्न होऊन आले तीही त्याच क्वार्टरमध्ये. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं बोलणं दोनदा निघालं आणि दोनदा विरलं. का, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दिवसभर बोर्डावर हात इतका स्थिर ठेवावा लागत असल्यामुळे असेल, पण घरी त्यांना एका जागी बसवत नसे. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं. पाहुणे आले की त्या तीनदा आत-बाहेर करत आणि चौथ्यांदा चपला घालून बाजारात निघून जात. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. मी नवी होते, मला त्यांची थोडी भीतीच वाटायची.

पिझ्झा त्यांनी पहिल्यांदा खाल्ला तो दिल्लीला. ऑफिसनं दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. परत आल्या त्या हेच बोलत आल्या. भाकरी नव्हे, पाव नव्हे, वर चीज वितळलेलं, आणि खाली करपायच्या एक क्षण आधी काढलेलं... त्यांचं वर्णन ऐकून सासूबाईंनी नाक मुरडलं. आंबवलेल्या मैद्याचा वास त्यांना शिळ्या पोळीसारखा वाटे. मग टाउनशिपच्या बाजारातल्या बेकरीनं पिझ्झा ठेवायला सुरुवात केली. पिझ्झा कसला, गोडसर गोल पाव, वर टोमॅटोचा सॉस, कोबी, सिमला मिरची, किसलेलं चीज, आणि हे सगळं तव्यावर झाकण ठेवून गरम केलेलं. वन्सं मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेल्या तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरी सांगितलं होतं, लोकर आणायला जातोय. एक पिझ्झा दोघींत खाल्ला. वन्सं म्हणाल्या, "वाईट आहे. पण पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ. करत राहिला तर सुधारेल."

तिथपासून आमचे शनिवार सुरू झाले. भोपाळमध्ये कुठंही, कुणीही पिझ्झा सुरू केला की वन्संना त्याचा वास लागायचाच. स्कूटर काढायच्या, मी मागे. कधी न्यू मार्केट, कधी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारामागची गल्ली, कधी तळ्याच्या काठची हातगाडी. पुढे मोठ्या कंपन्यांची चकचकीत दुकानं आली तेव्हा मला वाटलं, आता ह्यांना स्वर्ग मिळाला. एकदा गेल्या, खाल्लं, परत गेल्या नाहीत. म्हणायच्या, तिथं कुणाशी भांडायचं? जिथं मालक स्वतः भट्टीपाशी उभा आहे तिथंच त्यांना जायचं असे. त्या थेट आत जायच्या आणि पीठ किती वेळ ठेवलं, भट्टी किती तापवली, एवढं चीज कशाला घातलं, खालच्या पोळीची चव मरते त्यानं, असं सगळं सुनवायच्या. मुलं आधी हसायची. मग पीठ दाखवायला बाहेर आणायची. मी टेबलाशी बसून हे बघत असे. माहेरी असताना मी हॉटेलात एकटी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं... आता मी मिरीपूड आणि ओव्याच्या पानांवर मतं देऊ लागले. माझ्या संसारात माझा स्वतःचा असा एकच दिवस होता, आणि तो मला नणंदेनं दिला होता.

शाहीन भेटली ती वन्संच्या निवृत्तीआधी दोनेक वर्षं. टाउनशिपजवळचं अयोध्या नगर तेव्हा भराभर वाढत होतं. बेकरीत पीठ मळण्याचं काम केलेली ही तिशीची मुलगी, तिनं तिथं एक गाळा घेऊन पिझ्झा सुरू केला होता. पीठ तिचं अप्रतिम. पण विजेची भट्टी जुनी, एका बाजूला करपायचं आणि दुसऱ्या बाजूला कच्चं राहायचं. गिऱ्हाईक एकदा येई, पुन्हा येत नसे. गाळा सोडावा लागेल, असं ती आम्हाला एका शनिवारी म्हणाली आणि उगाच टेबल पुसत राहिली. तिचे वडील मुनीरचाचा कारखान्यातलेच. मोठ्या भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावण्यात त्यांचा जन्म गेलेला. तेही कोपऱ्यात बसले होते. वन्संनी त्यांना विचारलं की वीट लावता येते तर लेकीला भट्टी का बांधून देत नाही? चाचा म्हणाले, "बहनजी, मैंने ज़िंदगी भर नक्शे से काम किया है। नक्शा कौन देगा?"

त्या आठवड्यात वन्सं घरी बसल्या. खरोखर बसल्या. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्यांनी घुमटाच्या भट्टीचा उभा छेद, आडवा छेद, धुराड्याची जागा, दाराची उंची, सगळं शाईनं काढलं. माहिती कुठून कुठून गोळा केली. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं गिरवणाऱ्या बाईनं काढलेलं हे पहिलं स्वतःचं चित्र, हे मला तेव्हा सुचलं नाही, फार नंतर सुचलं. चाचांनी चित्र उन्हात धरून पाहिलं, दार दोन बोटं खाली घ्यायला सांगितलं, आणि अकरा दिवसांत भट्टी उभी केली. पहिला पिझ्झा जळला. दुसरा जळला. तिसरा शाहीननं फिरवून काढला, वन्संनी हातात उचलून उलटा केला, खालून पाहिला, आणि माझ्याकडे दिला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्या म्हणाल्या, धूर लागला.

ते दुकान चाललं. आणि मग वन्सं निवृत्त झाल्या. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं. ह्यांनी बिट्टन मार्केटजवळ फ्लॅट घेतला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला. सामान बांधायला घेतलं, स्वयंपाकघरात गोणपाटं पसरलेली, आणि वन्संनी उभ्या-उभ्या जाहीर केलं की त्या आमच्याबरोबर येणार नाहीत. शाहीनच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं राहणार, सकाळी पीठ बघणार, दुपारी भट्टी. ह्यांचा आवाज चढला. लोक काय म्हणतील, भावानं बहिणीला पिझ्झाच्या दुकानावर ठेवलं म्हणतील. वन्सं शांतपणे बरण्या कागदात गुंडाळत राहिल्या. ह्यांच्या बोलण्यानं त्या थांबल्या नसत्या, हे मला पक्कं दिसत होतं.

मग मी बोलले. "आईंचं सगळं मी एकटीनं करायचं का, वन्सं?"

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे, पलंगावर. त्यांना उठवायला दोन माणसं लागत. प्रश्न खोटा नव्हता. पण पूर्ण खराही नव्हता, हे मी आज लिहून टाकते. मला त्यांचा राग आला होता. त्यांना खोली मिळाली, भट्टी मिळाली, आणि मला काय, तर नवा फ्लॅट आणि बेडपॅन... वन्संनी हातातली बरणी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुझंही बरोबर आहे, मंदा." आणि त्या आमच्याबरोबर आल्या.

नव्या घरात पहिल्या शनिवारी मी साडी बदलून तयार होऊन बसले. वन्संनी स्कूटरची किल्ली घेतली आणि मला म्हणाल्या की तू आईंजवळ थांब, कुणीतरी थांबायला हवंच. आवाजात कडवटपणा नव्हता. जे कारण मी पुढं केलं होतं, तेच त्यांनी परत दिलं एवढंच. सोमवार ते शुक्रवार त्या आईंचं सगळं करत. न कंटाळता करत. शनिवारी अकराला निघत आणि चारला परत येत. मी विचारायची, कसा होता? त्या म्हणायच्या, चांगला होता. बस. आठ वर्षांनी सासूबाई गेल्या. तेराव्यानंतर मी हिंमत करून म्हटलं, वन्सं, आता जायचं असेल तर... त्या म्हणाल्या, आता राहू दे. आणि शनिवारी एकट्याच निघाल्या. स्कूटर सुटली, मग रिक्षा, पण शनिवार सुटला नाही. मीही बरोबर येऊ का, असं मी कधी विचारलं नाही. नाही म्हणतील, ही भीती. हो म्हणतील, हीही.

त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले. घरात माझा पाय ठरत नाही. देवापुढे बसते, उठते. गॅलरीत जाते, परत येते. हे म्हणतात, तुला ताईची सवय लागली. गेल्या शनिवारी मी सरळ दोन बस बदलून अयोध्या नगरला गेले. शाहीनचे केस आता बरेच पिकलेत. मुनीरचाचा राहिले नाहीत. भट्टी मात्र तशीच आहे, तोंडाशी काळी झालेली. शाहीननं मला बसवलं, पाणी दिलं, मग म्हणाली, "भाभी, ऊपर चलोगे आप? दीदी का कमरा देख लो।"

मला वाटलं, तिची काहीतरी चूक होतेय. मी म्हटलं, वन्सं इथं कधी राहिल्याच नाहीत. ती म्हणाली, राहिल्या नाहीत, पण दर शनिवारी पिझ्झा खाल्ला की वर जाऊन पडायच्या. तासभर. कुणी हाक मारायची नाही, असं सांगून ठेवलेलं. तिनं तेरा वर्षं ती खोली भाड्यानं दिली नव्हती.

अरुंद जिन्यानं मी वर गेले. एक खाट, एक खिडकी, खुंटीला टॉवेल. कोपऱ्यात मैद्याची पोती रचलेली. खिडकीतून टाउनशिपची दाट झाडं दिसत होती आणि त्यांच्यापलीकडे कारखान्याच्या शेडची छपरं. मी शाहीनला विचारलं, वन्सं इथं राहायला का आल्या नाहीत, ते कधी म्हणाल्या का? ती म्हणाली, "बोली थीं। भाभी ने रोक लिया, बोली थीं।" मी विचारलं, वाईट वाटलं होतं का त्यांना? शाहीन खोटं बोलू शकली असती. मला बरं वाटावं म्हणून कुणीही बोललं असतं. ती म्हणाली, "हाँ भाभी। बहुत लगा था।" मग खालून गिऱ्हाइकाची हाक आली आणि ती गेली.

मी खाटेवर बसले. मग आडवी झाले. पाठीमागची भिंत कोमट लागत होती. तिच्या पोटातून भट्टीचं धुराडं वर जातं. आयुष्यभर एका जागी न टिकलेली ही बाई इथं तासभर हलत नव्हती म्हणे... मी डोळे मिटले नाहीत. छताकडे बघत राहिले, त्यांनी काय बघितलं असेल ते शोधत. बऱ्याच वेळानं शाहीननं जिन्याशी येऊन सांगितलं, पिझ्झा निघालाय, गार होईल. मी येते म्हटलं, आणि तशीच पडून राहिले.