निरोपाचं भांडण

माझ्या थोरल्या बहिणीएवढं भांडखोर माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात झालं नाही, आणि लातूर जिल्ह्यात झालं असेल तर ते अजून तिच्यासमोर आलेलं नाही. आम्ही तिला अक्का म्हणतो. भाऊजी गेल्यावर ती उदगीरहून उमरीला आमच्याकडे कायमची राहायला आली, तेव्हा एसटीतून उतरता उतरताच तिचं कंडक्टरशी वाजलं होतं आणि प्रवासी खिडक्यांतून डोकी बाहेर काढून ऐकत होते. मी पिशवी घ्यायला पुढे झालो तर म्हणाली, "थांब जरा, ह्याला सांगून येते." माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर ताटल्यांचा खणखणाट ऐकत असतो, त्यामुळे आवाजाचं मला वावडं नाही. पण चारचौघांत माणसाचा आवाज चढला की मी आडोसा शोधतो. एकाच आईबापांच्या पोटी आम्ही दोघं कसे जन्मलो, याचं मला अजून नवल वाटतं.

बरं, नुसती भांडखोर असती तर तिच्यावर लिहायचं काही कारण नव्हतं. तशी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. अक्काची खासियत अशी, की ती ऐन निरोपाच्या वेळी भांडते. एरवी एखादी गोष्ट सोडूनही देईल; पण कुणी कुणाला सोडून चाललं आहे, डोळे भरून आले आहेत, आता गळ्यात गळे पडणार, असं दिसलं की अक्का पदर खोचून उभी राहते. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात पाठवणीची वेळ झाली. नवरी आईच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात मांडव दणाणला: "कुनी बांधला हा गाडीला हार? निम्मी फुलं सुकून गेलीत! आमची पोरगी असल्या गाडीत बसनार न्हाई!" वरपक्ष हबकला. नवरदेव फेटा सांभाळत स्वतः हार सोडायला लागला. नवरी रडायचं विसरून "आत्या, गप बस गं, पाया पडते तुझ्या" असं विनवत राहिली आणि शेवटी शरमेनं लाल होऊन आपणहून गाडीत जाऊन बसली. मी मांडवाच्या खांबामागे होतो. लोक मला विचारत होते, "या बाई कोण?" मी म्हणालो, "असतील त्यांच्याकडच्या."

पण तिचं खरं मैदान म्हणजे होस्टेल. दहावीचा निकाल लागला की आमच्याकडची पोरं लातूरला नाहीतर नांदेडला शिकायला निघतात. त्या दिवसांत लातूरच्या क्लासेसच्या भागात कधी गेलात तर पाहा. जीपच्या टपावर गाद्या, गाद्यांवर बादल्या, आणि आत इतकी माणसं, की शिकायला नक्की कोण राहणार आहे ते विचारावं लागतं. ज्यांच्या घरचं लेकरू पहिल्यांदाच चाललं आहे त्यांना पुढे काय होणार ते मी आधीच सांगून ठेवतो. बाप पंखा लावतो, बंद करतो, पुन्हा लावतो. आई गादीवर चादर घालते आणि सुरकुती पडली म्हणून काढून पुन्हा घालते. मामा भिंतीवर टिचकी मारून बांधकामाबद्दल मत देतो. मग डबे उघडतात, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खोलीतल्या अनोळखी पोरांनाही वाटली जाते. आता निघायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि निघत कुणीच नाही. शेवटी आई लेकराच्या डोक्यावरून हात फिरवते आणि तिथून सगळं कोसळतं. आई रडते, लेकरू रडतं, बाप पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं गच्चीवर जातो. आणि आठवडा संपायच्या आत लेकरू पोटदुखीचं नाव सांगून घरी परत आलेलं असतं.

अक्का पहिल्यांदा गेली ती आमच्या शेजारच्या लाकडाच्या वखारवाल्यांच्या मुलाला सोडायला. गाडीत जागा होती म्हणून मीही गेलो, आणि त्याचा पश्चात्ताप मला दिवसभर पुरला. खिडकीजवळच्या खाटेवर दुसऱ्या एका मुलाच्या काकांनी बॅग ठेवली होती. इकडे वखारवालीण पदर डोळ्यांकडे न्यायच्या बेतात, आणि तिकडे अक्कानं ती बॅग उचलून खाली ठेवली आणि खाटेवर मांडी घालून बसली. काका म्हणाले, "उठा बाई." अक्का म्हणाली, "न्हाई उठत. आमचं लेकरू हितंच झोपनार. तुमच्या पोराला वारं कशाला पायजे? त्याला सर्दी हाय, नाक वढून राहिलंय कवाचं." रेक्टर धावत आले. त्यांनाही तिनं बसल्या जागेवरून सुनावलं, की खोलीला खिडकी एक आन पोरं चार, हे गणित कुठल्या शाळेत शिकलात? तिथून ती मेसमध्ये शिरली, वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आचाऱ्याला म्हणाली, "हे वरन हाय का हात धुतलेलं पानी?" तो बिचारा इतका हादरला, की त्यानं पळी तिच्याच हातात दिली. तिनं लसणाची फोडणी घातली. पोरं वाट्या पुढे करून उभी राहिली, तर त्यांच्यावरही खेकसली. वखारवाल्यांचा मुलगा रडकुंडीला येऊन आईला म्हणाला, "तुमी जावा बरं आता. हिला घेऊन जावा. माझी पार इज्जत गेली." आणि त्यानं स्वतः आम्हाला जीपपर्यंत आणून, दार लावून, ड्रायव्हरला "चला" म्हणून सांगितलं. ते पोरगं दिवाळीपर्यंत घरी आलं नाही.

परत येताना मी चिडून तिला म्हणालो, "अक्का, असं वागतं का कुणी?" ती खिडकीतून बाहेर बघत शांतपणे म्हणाली, "रडून ठेवलेलं लेकरू मागं मागं बघत ऱ्हातं रं. त्याला राग येऊ द्यावा. आपन कवा जातो असं त्याला झालं पायजे." म्हणजे हे सगळं ठरवून होतं! मला वाटत होतं, हिचा स्वभाव. आणि ही चक्क लोकांच्या घरची रडारड आपल्या अंगावर घेत हिंडत होती. त्यानंतर उमरीत तिला मागणी आली. कुणाचं पोरगं लातूरला निघालं, की लोक येऊन अदबीनं म्हणायचे, "अक्का, जरा येता का संगं?" एकदा धर्माबादहूनही गाडी आली होती.

आता माझ्या गौरीचं सांगतो. ही माझी मुलगी. अक्का घरी आली तेव्हा ती अंगणवाडीत जात होती, आणि पहिल्याच रात्री आपली उशी घेऊन आत्याच्या अंथरुणात गेली ती तिथेच वाढली. अक्काजवळ तिच्या सासरचा एक पितळी तांब्या आहे. तो भरून उशाशी ठेवायचा, आणि गौरीनं झोपेत "पाणी" म्हटलं की द्यायचा, हा वर्षानुवर्षांचा नेम. आत्या जेवढी तोंडाळ तेवढी भाची अबोल. माझ्यावर गेली आहे. पण अभ्यासात हुशार, आणि डॉक्टर व्हायचं हे तिचं तिनंच ठरवलेलं. गेल्या वर्षी तिला नांदेडच्या होस्टेलला सोडायचं ठरलं आणि नेमका अक्काला टायफॉईड झाला. आम्ही दोघं नवराबायकोच गेलो. कुठे भांडण नाही, आवाज नाही, सगळं कसं शोभेसं झालं. गौरीची आई रडली, गौरी रडली, मी रडलो, आम्हाला बघून रेक्टरबाईंनीही चष्मा पुसला. आठवडाभरात गौरी दारात उभी. मी परत नेऊन सोडली. ती परत आली. मग वर्षभर घरीच राहिली, आणि यंदा एक दिवस मला म्हणाली, "पप्पा, लातूरला एकदा बघते. पण ह्या वेळी बी मला राहवलं न्हाई, तर मी पुन्हा ह्याचं नाव काढणार न्हाई." एवढं लांबलचक वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल. मला धडकीच भरली. पण म्हटलं, काळजी कसली? यंदा अक्का बरोबर आहे.

आम्ही सकाळी निघालो. लोह्याला चहा घेतला. चहा पार गार झालेला होता. मी अक्काकडे आशेनं बघितलं. ती पिऊन मोकळी झाली. अहमदपूरला एका ट्रकवाल्यानं आमची जीप अर्धी रस्त्याखाली उतरवली. अक्कानं नुसता पदर सारखा केला. होस्टेलवर पोचलो, तर मुलींचं होस्टेल म्हणून पुरुषांना फाटकाशीच थांबवलेलं. बायका आत गेल्या. फाटकाबाहेर आम्ही सगळे बाप. बाकीचे मोबाईल बघत होते. मी कान टवकारून वरच्या खिडक्यांकडे बघत उभा. आता आवाज येईल, मग येईल. काहीच नाही. थोड्या वेळानं गौरीची आई खाली आली, डोळे पुसत. म्हणाली, "बाथरूमच्या दारातली खाट दिलीय आपल्याला."

"मग? अक्का काय म्हणाली?"

"'बरं' म्हणाल्या. नुसत्या गादी थोपटून राहिल्यात बसून."

अक्का 'बरं' म्हणाली! शेवटी ठरवलं की हे काम आपणच करायचं. आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढे काढून मी वॉचमनकडे गेलो आणि जमेल तेवढ्या चढ्या आवाजात म्हणालो, "काय हो, बापाला आत सोडत नाही म्हणजे काय?" तो म्हणाला, "रूल हाय साहेब. माझी बी पोरगी हितंच आसती तर मला बी सोडलं नसतं." मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं." मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

संध्याकाळी घंटा झाली आणि पालकांना बाहेर काढायला सुरुवात झाली. गौरी आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आली. अक्कानं तिच्या कपाळाला विभूती लावली. मग हात तिच्या वेणीवर ठेवला, आणि तो हात तिथून हलेना. अक्काची हनुवटी थरथरत होती. तिला असं मी भाऊजी गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. गौरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. गेल्या वर्षीचं नांदेड डोळ्यांसमोर आलं आणि मला स्पष्ट कळलं, की आता गौरी रडणार, आठवड्यात परत येणार आणि पुन्हा कधी जाणार नाही.

एवढ्यात गौरीनं हिसका देऊन मान सोडवली. "आत्या, केसाला हात लावू नको. किती घट्ट वेणी घातलीस सकाळी! कवापासून डोकं दुखून राहिलं."

अक्का बघतच राहिली. "आँ?"

"आन तो तांब्या कशाला आणलास? सगळ्या पोरींकडं बाटल्या हायत. हसून राहिल्यात मला. लाज आणलीस नुसती!"

फाटकातले सगळे आईबाप वळून बघायला लागले. माझी मुलगी, जी दुकानात गिऱ्हाईक आलं तरी आत पळते, ती भर रस्त्यात ओरडत होती.

"लाज?" अक्काचा आवाज परत आला. "माझ्या तांब्याची तुला लाज? दुधाचे दात पडले न्हवते तवापासून त्यातलं पानी प्यायलीस, आन आज लाज? आन हिकडं तो! माझा मला वापस दे!"

"देत न्हाई!"

"मंग कशाला बोलतीस?"

"माझा तांब्या हाय, मी काय बी बोलीन. जा तू आता! पप्पा, हिला घेऊन जावा!"

आणि ती गर्रकन वळून आत निघून गेली. एकदाही मागे बघितलं नाही. अक्का पाय आपटत जीपमध्ये बसली आणि चाकूर येईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पोरगी लई उर्मट झाली, तुमीच लाडावून ठेवली, आता मी हिचं तोंड बघनार न्हाई. चाकूर मागे पडलं आणि ती एकदम थांबली. मग हळूच मला म्हणाली, "तांब्या दिला न्हाई न्हवं तिनं?"

"नाही दिला."

"ऱ्हाते मंग ती," अक्का म्हणाली, आणि पदरात तोंड घालून अहमदपूरपर्यंत रडली. मला काय करावं ते समजेना. मी तिचा धाकटा भाऊ, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या पाठीवर हात ठेवला.

गौरी राहिली. होस्टेलवर फोन फक्त रविवारी मिळतो. आईशी, माझ्याशी बोलून झालं की ती आत्याला मागते. दोघी आपल्या अंथरुणात बोलाव्यात तशा हळू आवाजात बोलतात, आणि फोन ठेवायची वेळ झाली की कशावरून तरी कडाडून भांडतात आणि रागारागानं एकदम ठेवून देतात. मी दर रविवारी बाहेरच्या खोलीत बसून ऐकतो. आधी मला हसू यायचं.

या रविवारी बोलून झालं, वेळ संपत आली, आणि भांडण काही ऐकू येईना. म्हणून मी दारात जाऊन पाहिलं. अक्का फोन कानाला लावून नुसती बसली होती. पलीकडून गौरीही काही बोलत नव्हती. कशावरून भांडावं तेच बहुधा दोघींना सुचत नव्हतं, आणि फोन कुणीच ठेवत नव्हतं.