काच खाली करून ठरवलेला पाया

मंडळी, आज मी एका तरुण ठेकेदारावर ओरडलो. त्याचं मला वाईट वाटत नाही.

कांजूरमार्गच्या घराशेजारी आम्ही आणखी एक गॅरेज बांधतोय. त्याच्या वरच्या खोलीत माझी थोरली बहीण राहणार आहे. पाया ब्लॉकचा करायचा की काँक्रीट ओतायचं, हे आज ठरायचं होतं. ठेकेदार गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, "काका, ब्लॉक झकास. चार दिवसांत काम खलास."

"खाली काय आहे ते बघितलंस का?"

"जमीन आहे ना."

तेव्हा मी ओरडलो.

इथे पूर्वी भरतीचं पाणी शिरणारं खाजण होतं. एकाहत्तर साली वडिलांनी जुनं गॅरेज बांधलं, तेव्हा मालवणचे गंगारामदादा मुकादम होते. सिमेंट परमिटवर, मोजकंच मिळायचं, म्हणून वडिलांनाही ब्लॉकच हवे होते. दादांनी कंबरभर खड्डा खणला आणि म्हणाले, "पाणी काय म्हणता ता आधी बघूया." दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा पाण्याने अर्धा भरला होता. दादांनी पाणी उपसून एका दिवसात, पाणी शिरायला सांधा राहू नये म्हणून न थांबता, काँक्रीट ओतून घेतलं. त्या गॅरेजला आजही तडा नाही.

ठेकेदार गेल्यावर मीच पहार घेतली. संध्याकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "टेन्शन नको काका, पंप लावू. ब्लॉकच टाकू."

पंप चार दिवस चालेल, मग पाणी परत येईल. बहीण तिथे रोज झोपणार आहे.

त्याला नको म्हणून कळवलंय. उद्या दुसरा येतोय. तुमच्याकडे पाया ठरवायला आलेला माणूस गाडीतून उतरला होता का?