चीक गोड झाला

मोताळ्याची पंचफुला लग्नसराईत कुरडया करून द्यायची. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, चीक तळाशी बसू द्यायचा आणि सकाळी चुलीवर शिजवायचा, हे सगळं ती सासूसोबत करत आली. ढवळायचा लाकडी चाटू दोघी मिळून धरायच्या. पौषात सासू, जनकाबाई, गेली. फाल्गुनात पंचफुलानं सासूच्याच जुन्या रांजणात पहिल्यांदा एकटीनं गहू भिजवले.

चीक तापला, दाटत आला, चाटू जड झाला आणि एकाएकी हलका पडला. पलीकडून कुणी हात सोडावा तसा. पातेल्यात नुसतं पांढुरकं पाणी. तिनं बोट बुडवून चाखलं. साखरेचा दाणा घातला नव्हता, तरी गोड होतं.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. शेजारची झुंबरबाई पातेल्यात डोकावून हळूच म्हणाली, "जनकाबाई जेवून राह्यली तुह्या घरी."

पंचफुलाच्या भावाची मुलगी प्रतीक्षा बुलढाण्याला कॉलेजात जीवाणूंचा अभ्यास करते. तिनं रांजणातला कच्चा चीक बाटलीत भरून नेला आणि पुढच्या आठवड्यात आत्याला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. टेबलावर काचेची चपटी डबी होती, आत खळीसारखा पातळ थर, थरावर बारीक ठिपके.

"या थरात पीठ हाय. आयोडीन टाकलं का पीठ काळंनिळं होते," प्रतीक्षा म्हणाली.

तिनं थेंब सोडले, थर काळा झाला. पण प्रत्येक ठिपक्याभोवती गोल, स्वच्छ जागा उरली. काळोखात तोंडं उघडावी तशी.

"इथलं पीठ कुठं गेलं व?"

"जीवाणूंनं खाल्लं. एका ठिपक्यात लाखो असतात. तुह्या रांजणाच्या भेगाईत राहतात ते."

"दात, तोंड काही हाय का त्यायले?"

"नाही, आत्या. ते एक रस बाहेर सोडतात, अमायलेज. तो पिठाची साखर करते, मंग ते साखर ओढून घेतात. चीक तापला का रस अजून जोरात चालते. आपल्या थुंकीतबी असाच रस असते."

शेवटी शेवटी जनकाबाईला दात नव्हते. चिकाचा घास ती किती तरी वेळ तोंडात धरून ठेवायची, मग डोळे मिटून म्हणायची, "झाला गोड." पंचफुला वाटी घेऊन तोवर समोर बसून राहायची.

"थुंकीतले हायत का मंग हे?" तिनं विचारलं.

"हे मातीतले. उकळलं तरी समदे मरत नाहीत. रांजण टाकून दे."

रांजण तिनं नाल्याकाठी नेऊन ठेवला. फोडायला हात उचलला नाही. स्टीलच्या पिंपात चीक नीट बसला, दाटला, कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळल्या. लग्नं पार पडली.

आता पंचफुला एकटीच जेवते. भाताचा घास ती फार चावत नाही. जिभेवर गोडवा यायच्या आत घाईनं गिळून टाकते, आणि वर पाणी पिते.